टीव्हीचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा पोचतो: ट्रान्समीटर बदलू की हेडफोन?

ओसरी:

नमस्कार मंडळी. घरातली एक अडचण आहे, जाणकारांनी मदत करावी.

पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये टीव्ही आणि त्याच भिंतीच्या पलीकडे लेकीचं अभ्यासाचं टेबल. ती यंदा दहावीला आहे. सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पंचाहत्तरी ओलांडलेले. ऐकू कमी येतं, त्यामुळे बातम्या काय आणि क्रिकेट काय, सगळं मोठ्या आवाजात. आवाज कमी करा म्हणायला जिवावर येतं, कारण दिवसभरात त्यांची करमणूक म्हणजे तो टीव्हीच.

म्हणून टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावायचा एक छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर मागवला आणि घरात होते ते हेडफोन त्याला जोडले. आवाज स्वच्छ येतो. पण चेंडू बॅटला लागलेला आधी दिसतो आणि ‘टक्’ नंतर ऐकू येतं. निवेदिकेचे ओठ मिटलेले असतात आणि वाक्य अजून चालूच असतं. अण्णा दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, “अगं, यानं डोकं दुखतंय माझं. काढ ते.”

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ सापडला. तो शून्यावरच होता. वाढवला की आवाज आणखी मागे जातो. ट्रान्समीटरच्या खोक्यावर ब्लूटूथ ५.३ लिहिलंय, म्हणजे जुनाट वस्तू नाही. आणि कोडं असं की हेच हेडफोन माझ्या फोनला जोडून यूट्यूब लावलं तर ओठ आणि शब्द अगदी बरोबर जुळतात! मग दोष नक्की कुणाचा?

सासूबाईंनाही संध्याकाळच्या मालिका त्यांच्यासोबतच बघायच्या असतात, त्यामुळे दोघांची सोय झाली तर फारच छान. टीव्हीच्या मागे हेडफोनच्या भोकाशेजारी छोट्या झाकणाचं एक चौकोनी सॉकेट आहे, आत लाल उजेड दिसतो. त्याचा काही उपयोग होईल का? खर्चाची तयारी पाच-सहा हजारांपर्यंत, अगदी गरज असेल तर थोडी जास्त.

---

रात्रपाळी:

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वायर. ३.५ मिमीची पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळते. उशीर शून्य, चार्जिंगची कटकट नाही. मी कामावरून रात्री उशिरा येतो, घर झोपलेलं असतं, तेव्हा असाच टीव्ही बघतो. एक लक्षात ठेवा, त्या भोकात पिन घातली की बहुतेक टीव्हींचे स्वतःचे स्पीकर बंद पडतात. म्हणजे अण्णा ऐकतील तेव्हा सासूबाईंना काही ऐकू येणार नाही.

---

ओसरी:

धन्यवाद. वायरचा विचार केला होता. पण अण्णा काठी घेऊन चालतात आणि रात्री दोन-तीनदा उठतात. हॉलमध्ये जमिनीवर वायर पसरलेली मला नको आहे.

---

ध्वनिखोली:

ओसरीताई, मी डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रण करतो. दुसऱ्या भाषेतली मालिका मराठीत आणताना ओठ आणि शब्द जुळवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे अण्णांचं डोकं का दुखलं ते मला पुरतं कळतं. हे म्हातारपणाचं कुरकुरणं नाही. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं नकळत समोरच्याचे ओठ वाचत असतात. निम्मा शब्द कानांनी घेतात, निम्मा डोळ्यांनी. ओठ आणि आवाज वेगळे पडले की त्यांचा तो आधारच सुटतो. आपल्याला जे नुसतं खटकतं त्यानं ते दमून जातात. म्हणून यावर नीट उपाय शोधायलाच हवा.

ब्लूटूथमधून आवाज जसाच्या तसा जात नाही. ट्रान्समीटर त्याचे बारीक तुकडे करतो, दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर पुन्हा पाठवतो. हेडफोन आलेले तुकडे लगेच वाजवत नाही, आधी थोडा साठा करतो. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे ते: खालून पाणी थांबत-थांबत चढलं तरी टाकीत आहे तोवर घरातली धार तुटत नाही. उशिरातला मोठा वाटा या साठ्याचा असतो. आवाज दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी नावाचा कोडेक आजवरच्या नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये असावाच लागतो, आणि दोन्ही टोकांना दुसरा कुठला सामाईक कोडेक नसेल तर काम त्याच्यावरच चालतं. एसबीसीवर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. तुमच्याकडे हेच चाललेलं असणार.

एवढा उशीर खटकतो का? खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, बीटी.१३५९ ही १९९८ ची शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की तो फरक जाणवायला लागतो. ९० पुढे आणि १८५ मागे ही सहन होण्याची हद्द. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा दंडक याहून कडक आहे, ४० पुढे, ६० मागे. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण निसर्गातही आवाज उजेडाच्या मागूनच येतो, मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद. मैदानात खेळपट्टीपासून ७० मीटरवर बसलेल्या माणसाला बॅटचा आवाज २०० मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, कारण फलंदाज त्याला लांब दिसत असतो. टीव्हीवर मात्र कॅमेरा फलंदाजाच्या तोंडापर्यंत नेलेला असतो आणि मायक्रोफोन यष्टीत बसवलेला. तिथे तेच २०० मिलिसेकंद डोळ्यांना पटत नाहीत.

घरी तपासायचं असेल तर आम्ही बूथमध्ये जिथे बघतो तिथे बघा: प, फ, ब, भ, म. यातल्या बहुतेक अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. बातम्या लावा आणि ‘मुंबई’, ‘महापालिका’, ‘पाऊस’ असे शब्द आले की ओठांकडे लक्ष द्या. क, ग, न वर काही पत्ता लागत नाही, पण ‘म’ लपत नाही. मिटलेले ओठ उघडताना ‘म’ सुटला पाहिजे. ओठ उघडून पुढचं अक्षर सुरू झाल्यावर तो ऐकू आला तर सिंक गेला.

आकडाच हवा असेल तर टीव्हीवर टाळी वाजवतानाचा एखादा व्हिडिओ लावा. हेडफोनची वाटी फोनच्या माइकला टेकवा आणि फोननं सेकंदाला ६० फ्रेमवर टीव्हीचा पडदा चित्रित करा. मग व्हिडिओ कापायच्या कुठल्याही ॲपमध्ये तो उघडून तळवे मिटलेली फ्रेम आणि आवाजाची उसळी यांच्यामधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे जवळजवळ १७ मिलिसेकंद. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवरही हेच एकदा करून तो आकडा वजा करा. टीव्ही स्वतःही थोडा मागेपुढे असू शकतो, त्याचं खापर हेडफोनवर फुटायला नको.

फोनवर बरोबर का दिसतं, तर जोडलेले हेडफोन किती वेळ घेतात याचा अंदाज फोनला असतो. व्हिडिओचं ॲप चित्र तेवढं रोखून धरतं. टीव्हीच्या भोकात खुपसलेल्या ट्रान्समीटरचा टीव्हीला पत्ताच नसतो. त्याच्या लेखी तिथे साधी वायर आहे. आणि ‘ऑडिओ डिले’ ही सोय आवाज मागे ढकलण्यासाठी असते. आवाज पुढे आणायचा म्हणजे चित्र अडवून ठेवायला हवं, ते ती करत नाही. तुमच्या टीव्हीत ब्लूटूथ आधीपासून असेल तर नवीन काही घेण्याआधी थेट त्याला हेडफोन जोडून बघा. काही टीव्ही तिथे हा हिशोब करतात, काही करत नाहीत.

आता खरेदीबद्दल. खोक्यावरच्या ५.३ कडे बघूच नका. ती ब्लूटूथची आवृत्ती आहे, तिच्यावरून उशीर किती ते कळत नाही. कोडेकचं नाव वाचा. घरच्या टीव्हीसाठी ‘ॲपटीएक्स लो लेटन्सी’ हे नाव शोधा. त्यात एकूण उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो, म्हणजे युरोपच्या त्या कडक दंडकाच्याही आत. पण तो कोडेक ट्रान्समीटरमध्येही हवा आणि हेडफोनमध्येही. एकाच टोकाला असून काडीचा उपयोग नाही. लोक तीन-चार हजारांचा चांगला ट्रान्समीटर आणतात, घरातलेच हेडफोन त्याला लावतात, दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात आणि मग ‘पैसे वाया गेले’ म्हणून ट्रान्समीटर परत जातो. ट्रान्समीटरमध्ये अव्हँट्रीचा ओॲसिस प्लस आणि संगणकाला लावायचा क्रिएटिव्हचा बीटी-डब्ल्यू३ यांत हा कोडेक आहे. हेडफोनमध्ये सेनहायजरच्या एचडी ४५०बीटीमध्ये आहे. ॲपलच्या एअरपॉडमध्ये ॲपटीएक्सचा कुठलाच प्रकार नाही. सोनीच्या एलडॅक या कोडेकचा फायदा आवाजाच्या दर्जासाठी, उशीर कमी करण्यासाठी नाही.

इथे एक खाच आहे. २०१८ मध्ये क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीनं ‘ॲपटीएक्स ॲडाप्टिव्ह’ आणला, आणि नवीन हेडफोनमध्ये आता बहुधा तोच असतो. त्याचाही उशीर कमी आहे, साधारण ५० ते ८० मिलिसेकंद, टीव्हीला चालण्यासारखा. पण तो जुन्या साध्या ॲपटीएक्सशी जुळतो, लो लेटन्सीशी जुळत नाही. लो लेटन्सीचा ट्रान्समीटर आणि ॲडाप्टिव्हचे हेडफोन अशी जोडी लावलीत तर दोघं साध्या ॲपटीएक्सवर येतात आणि उशीर पुन्हा शंभराच्या वर जातो. दुकानदार ‘दोन्हीत ॲपटीएक्स आहे’ म्हणेल आणि ते खरंही असेल. पूर्ण नाव दोन्ही खोक्यांवर अक्षरशः तेच आहे का ते बघा. काही ट्रान्समीटरवर कोडेकसाठी वेगळा दिवा असतो, जोडल्यावर कुठला चालू आहे ते लगेच दिसतं. असा दिवा असलेलाच घ्या.

याची किंमतही मोजावी लागते. उशीर कमी म्हणजे साठा लहान, आणि साठा लहान म्हणजे हवेत थोडा अडथळा आला तरी आवाज तुटतो. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, वाय-फायचा जुना पट्टा तोच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथलाच. राउटर टीव्हीच्या मागेच ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ट्रान्समीटर त्याला चिकटून ठेवू नका, वायर थोडी लांब घेऊन टीव्हीच्या दुसऱ्या टोकाला आणा, आणि घरातले फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टाका.

ते लाल उजेडाचं सॉकेट म्हणजे ऑप्टिकल. तेच वापरा. एक तर ते वापरताना बऱ्याच टीव्हींचे स्पीकर चालू ठेवता येतात. दुसरं, ट्रान्समीटरला टीव्हीच्याच यूएसबीतून वीज दिली आणि आवाजही साध्या पिनेतून घेतला तर कधीकधी मागे बारीक गुणगुण येते. ऑप्टिकलमध्ये ती येत नाही, कारण तारेतून वीज नाही, उजेड जातो. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’ वर ठेवा. ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ असेल आणि वाहिनी डॉल्बीत आवाज पाठवत असेल तर पुष्कळशा ट्रान्समीटरना तो उलगडता येत नाही आणि हेडफोन गप्प राहतात. वस्तू बिघडली असं वाटतं, पण बिघडलेलं काहीच नसतं.

---

रात्रपाळी:

ध्वनिखोली, फार उपयोगी लिहिलंत. एक भर घालतो. लॅपटॉपवर साठवलेली नाटकं-सिनेमे बघत असाल तर नवीन काही घ्यावं लागत नाही. विंडोजवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जे’ ही कळ दाबली की आवाज दर वेळी ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, ‘के’ दाबली की पलीकडे जातो. ओठ जुळेपर्यंत दाबत राहायचं. पुढचा आवाज फाइलमध्ये आधीच असतो म्हणून हे जमतं. थेट सामन्यात अर्थातच नाही.

---

ओसरी:

आमच्या हेडफोनच्या माहितीपत्रकात एसबीसी आणि एएसी एवढंच लिहिलंय, म्हणजे दोन्ही वस्तू बदलाव्या लागणार. खर्च एकवेळ समजू शकते. पण खरी काळजी वेगळी आहे. अण्णांना ते रोज चार्जिंगला लावणं, बटण दाबून धरणं, निळा दिवा लुकलुकला की थांबणं जमेल का? मी दिवसभर ऑफिसात असते.

---

कानोसा:

ओसरी, तुझा हा शेवटचा प्रश्नच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझी आई सांगलीला एकटी असते, तिच्यासाठी मी या सगळ्यातून गेले आहे. माझं स्पष्ट मत: अण्णांसाठी ब्लूटूथ घेऊच नकोस.

रेडिओलहरींवर चालणारे हेडफोन मिळतात, ते बघ. टीव्हीशेजारी एक बैठक असते, तीच ट्रान्समीटर आणि तीच चार्जर. ऐकून झालं की हेडफोन तिच्यावर टांगायचा, बास. सेनहायजरची आरएस १२० मालिका यातली जुनी आणि नावाजलेली; मी सांगते ते तिच्यातल्या जुन्या, डिजिटल नसलेल्या मॉडेलबद्दल. आवाजाचं दाबणं-उलगडणं, साठा करणं असलं काही तिच्यात नाही, रेडिओसारखा सरळ येतो, त्यामुळे उशीर जाणवायचा प्रश्नच नाही. जोडणी करावी लागत नाही. आवाज कमी-जास्त करायची चकती हेडफोनवरच आहे, आईची बोटं डोळे मिटून तिथे जातात. आत रिचार्ज होणारे साधे ट्रिपल-ए सेल असतात, दमले की बदलता येतात. बंद डब्यासारख्या ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी गेली की तो हेडफोनच गेला. लांब गेलं की थोडी खरखर येते, हा त्याचा दोष. आईला स्वयंपाकघरातूनही बातम्या ऐकू येतात याचं तिला इतकं अप्रूप आहे की खरखरीबद्दल ती कधी बोललेली नाही.

आणि तुझा दोघांचा प्रश्नही यात सुटतो. बैठक आकाशवाणीसारखी सगळीकडे आवाज पाठवत असते, त्याच मालिकेचा दुसरा हेडफोन घेतला की तोही ऐकतो. ज्याचा आवाज त्याच्या हातात.

या बैठकीला साधी ३.५ मिमीची पिन लागते. हेडफोनच्या भोकात लावलीस तर टीव्हीचे स्पीकर बंद होतील. तुम्हालाही सोबत ऐकायचं असेल तर ऑप्टिकलमधून आवाज घेऊन साध्या पिनेत देणारी एक छोटी डबी मिळते, डॅक म्हणतात, हजाराच्या आत. ती मध्ये घाल. ध्वनिखोलींनी सांगितलेलं पीसीएमचं सेटिंग तिथेही लागेलच.

आता थोडं तुझ्या प्रश्नाबाहेरचं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. अण्णांची श्रवणचाचणी झाली आहे का? वयामुळे कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, ख अशी अक्षरं पुसट होतात, स्वर मात्र ठणठणीत ऐकू येतात. म्हणून ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार असते आणि माणूस आवाज वाढवत राहतो. वाढवून पुसट अक्षर स्पष्ट होत नाही, उरलेल्या कानावर मात्र ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. तेवढ्या आवाजात टीव्ही रोज सहा तास चालत असेल तर ती ओलांडलीच जाते. हेडफोनवर आकडा दिसत नसतो. शेजारी बसलेल्याला त्यातले शब्द कळायला लागले तर आवाज जास्त आहे असं धर. चाचणी जवळच्या ऑडिऑलॉजिस्टकडे होते. मुंबईत कुणी असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही होते.

उद्या श्रवणयंत्र लागलंच तर त्यावरून मोठे हेडफोन घालू नका, यंत्र शीळ घालायला लागतं. चांगल्या कंपन्यांची टीव्हीला जोडायची स्वतःची डबी असते. फोनॅकचा टीव्ही कनेक्टर, ओटिकॉनचा टीव्ही ॲडॉप्टर. आवाज सरळ यंत्रात जातो आणि उशीर नगण्य असतो. म्हणून चाचणी आधी, खरेदी नंतर. यंत्र घ्यायचं ठरलं तर हेडफोनचे पैसे वाचतील.

---

ध्वनिखोली:

कानोसा यांच्याशी पूर्ण सहमत. अण्णांसाठी रेडिओचेच हेडफोन घ्या. माझं वरचं सगळं लिखाण मग सासूबाईंसाठी किंवा तुमच्या स्वतःसाठी ठेवा.

ब्लूटूथवर दोघांनी ऐकायचं असेल तर ट्रान्समीटर घेताना विचारून घ्या की दोन हेडफोन जोडल्यावरही लो लेटन्सी चालू राहते का. काही ट्रान्समीटर दुसरा हेडफोन जोडला की साध्या कोडेकवर उतरतात. शिवाय दोन्ही हेडफोन त्याच कोडेकचे हवेत.

घाई नसेल तर एलई ऑडिओवर नजर ठेवा. २०२० च्या जानेवारीत तो जाहीर झाला, त्याचा कोडेक एलसी३. उशीर २०-३० मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येतो, आणि ऑराकास्ट नावाच्या सोयीत एका टीव्हीवरून हवे तेवढे हेडफोन, हवी तेवढी श्रवणयंत्रं ऐकू शकतात. ब्लूटूथमधली सर्वांत माणुसकीची सुधारणा मी हिला म्हणेन. पण इथेही नियम तोच: दोन्ही टोकांना हवी, आणि खोक्यावर ५.३ आहे म्हणून ती आहे असं धरून चालायचं नाही. ‘एलई ऑडिओ’ किंवा ‘ऑराकास्ट’ हे शब्द लिहिलेले हवेत.

---

ठेका:

धागा वाचून माझाही प्रश्न विचारतो. डिजिटल पियानो आहे. रात्री दहानंतर शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून वायरलेस हेडफोन लावून रियाज करायचा विचार आहे. लो लेटन्सीची जोडी घेतली तर जमेल का? गातानाही ॲपवरचा तबला-तानपुरा हेडफोनवर घ्यायचा असतो.

---

ध्वनिखोली:

ठेका, पियानोसाठी नाही जमणार. टीव्ही बघताना उशीर फक्त डोळ्यांना कळतो, वाजवताना तो बोटांना कळतो, आणि बोटं कितीतरी कडक परीक्षक आहेत. हिशोब करून बघा. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. एसबीसीवर २०० मिलिसेकंद गेले तर पट्टी दाबल्यावर तिचा स्वर पुढच्या मात्रेच्या तोंडाशी ऐकू येणार. लो लेटन्सीचे ४० घेतले तरी ते मात्रेचा सहावा हिस्सा झाले, आणि चौपटीत वाजवत असाल तर दोन स्वरांमध्ये अंतरच ६२ मिलिसेकंदांचं उरतं. हात आपोआप घाई करायला लागतो. मी कलाकारांना हेडफोनवर त्यांचाच आवाज परत देतो तेव्हा १० मिलिसेकंदांच्या आत राहायची धडपड असते. त्याच्या वर गेलं की गाणारा तक्रार करत नाही, नुसता बिचकतो, आणि टेक बिघडतो. रोजच्या रियाजात हे होऊ देऊ नका, चुकीची सवय हातात बसली की काढायला फार वेळ लागतो.

गाण्याचं वेगळं आहे. तबला-तानपुरा ॲपवर, तुम्ही गाताय मोकळ्या गळ्यानं, तुमचा आवाज माइकमधून परत येत नाही. मग ब्लूटूथ बिनधास्त वापरा. उशीर सगळ्या ठेक्याला सारखाच आहे. तुम्हाला ऐकू येणारी सम हीच तुमची सम. अडचण येते ती तेच गाणं त्याच फोनवर मुद्रित केलंत तर: तुमचा आवाज तबल्याच्या मागे पडलेला दिसेल. ॲपमध्ये गळ्याचा ट्रॅक तेवढा अलीकडे, म्हणजे आधी सुरू होईल असा, सरकवला की बसतो. समोर दुसरं कुणी स्पीकरवर तोच तबला ऐकत साथ करत असेल तेव्हा मात्र हेडफोन काढा, दोघांच्या समा वेगळ्या होतील.

पियानोला वायरच लावा. तुम्ही एका जागी बसलेले असता, दोन-तीन मीटरची पुरते. वायर अगदीच नको असेल तर वादकांच्या कानातल्या मॉनिटरसाठी मिळणारे वायरलेस संच बघा. त्यांतले २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे डिजिटल संच ५ मिलिसेकंदांच्या आसपास असतात. ते ब्लूटूथ नव्हे, आणि किंमतही बरीच. बऱ्याच पियानोंना मोठं, ६.३५ मिमीचं भोक असतं. त्यासाठी अडॅप्टर घ्याल तेव्हा पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत का बघा. एकच रेघ असेल तर तो मोनोचा आहे, म्हणजे दोन कानांना वेगवेगळा आवाज न देणारा.